नारिंगी खुंटाच्या पलीकडे

रविवार, १६ मार्च

नाही म्हणजे नाही. जेवताना सांगितलं, भांडी विसळताना सांगितलं, ती गाडीत बसली तेव्हा खिडकीशी वाकून पुन्हा सांगितलं. तरी लेक्सिंग्टनला पोचल्या पोचल्या लेकीचा, कॉर्लिसचा, फोन — "आई, विचार केलास का?"

केला. तिच्या घरातली मागची खोली, जिथे मी कायमचं राहायला यावं म्हणते, छान आहे. खिडकीतून शेजाऱ्याची भिंत दिसते. मला इथून टेकडी दिसते. विषय संपला.

फेब्रुवारीत मागच्या पायरीवर बर्फावरून घसरले, ते काही तिच्या डोक्यातून जात नाही. हात थरथरतात म्हणते. थरथरतात, खरं आहे. सत्तरी जवळ आल्यावर कोणाचे थरथरत नाहीत? पण आज पलंगाशेजारच्या कपाटात माझ्या नवऱ्याचं, होबार्टचं, पिस्तूल बघून जे बोलली ते मला लागलं. "तू काय करतेस ते आता तुझं तुलाच कळत नाही, आई. आणि हे उशाशी घेऊन एकटी झोपतेस."

माझं मला कळत नाही! या डोंगरातल्या वळणांवरून मी आयुष्यभर शाळेची बस चालवली. एक पोर कधी खरचटलं नाही.

होबार्टला जाऊन वर्ष झालं. त्याचं पिस्तूल मी कोणाला देणार नाही. हे घरही नाही.


बुधवार, १९ मार्च

ऑर्लिन कूमर आला होता. होबार्टचा जिवलग. जुन्या दगडखाणीत पिस्तुलाची स्पर्धा या दोघांनीच सुरू केली — महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. पंचाचा लाल शर्ट आळीपाळीने घालायचे. आता एकटा ऑर्लिनच घालतो.

कॉफीचा मग चाचपडत उचलला आणि म्हणाला, "जूनच्या मोठ्या स्पर्धेला चिली तूच करशील ना, इमोजीन?"

इतकी वर्षं तेच केलं. तंबूत बसायचं, चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, ढवळायची, पुरुषांचे गुण लिहून घ्यायचे.

म्हटलं, "नाही. जूनला मी उतरणार आहे."

"कुठे?"

"मैदानात. पिस्तूल घेऊन."

टोपी काढून डोकं खाजवत बसला. म्हटलं, बायकांना बंदी आहे का? "छे छे." मग तोंड असं का केलंस? तर म्हणाला, "चिली कोण करणार, याचा विचार करतोय."

जाताना मेच्या स्पर्धेतल्या एका डावासाठी रचलेल्या गोष्टीचा कागद माझ्यापुढे सरकवला. "वाच जरा मोठ्याने. चष्मा विसरलो." वाचला. पिस्तूल चालवायचं म्हटलं तरी यांना माझ्यातली कारकूनच दिसते.


रविवार, ३० मार्च

पैज लागली!

कॉर्लिस आली होती. मी स्पर्धेत उतरतेय म्हटल्यावर आधी हसली, मग तिचे डोळे भरून आले. ते मला सहन होत नाही. म्हटलं, रडू नकोस, पैज लाव. जूनच्या स्पर्धेत मी शेवटपर्यंत टिकले, बाद झाले नाही, तर त्या मागच्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. बाद झाले तर जूनअखेर मी स्वतः खोकी भरते.

"जिंकायची अट नाही?"

"जिंकायला मी वेडी आहे का? बाद व्हायचं नाही, एवढंच."

तिला वाटलं आई सोपी अट घालतेय. तिला कुठे ठाऊक! इथे नेम चुकला तर थोडे गुण जातात. पण हातातून पिस्तूल निसटलं, किंवा नळी दोन्ही बाजूंना रोवलेल्या नारिंगी खुंटांच्या पलीकडे वळली, की बाद. आत गोळी असो नसो. पंच "थांब" म्हणतो आणि पुढे वाद नाही. चांगले चांगले त्यात गेलेत.

लेकीने हात पुढे केला, मी दाबला. माझ्या अंगठ्याने कुरकुर केली. दाखवलं नाही.


शनिवार, १२ एप्रिल

आजची स्पर्धा नुसती बघितली, ती आटोपल्यावर सरावाला थांबले. पिस्तूल कपड्याखाली झाकलेलं हवं, भोंगा वाजला की वरचं कापड झटकून काढायचं. सगळ्यांकडे खास खिशाखिशांची जाकिटं. माझ्याकडे बस चालवायचं लोकरी जाकीट. ते सारखं पिस्तुलाच्या मुठीवर येऊन बसायचं. शेवटी उजव्या खिशात बसच्या जुन्या किल्ल्यांचा जुडगा टाकला. आता झटका दिला की जाकीट कसं मागे जातं! होबार्टने बघायला हवं होतं.

रस्टी मॅगर्ड म्हणाला, "मिस इमोजीन, बदमाशांना बसमध्ये कोंबून नेणार की काय?"

म्हटलं, "तुला कोंबत होते तसंच. आणि तेव्हा तू रडायचास."

सगळे हसले. रस्टी प्लंबर आहे, चाळिशी उलटली, पोट सुटलंय. तरी माझ्याशी बोलताना अजून पाठ सरळ करतो. इथली निम्मी माणसं माझ्या बसमधली.


गुरुवार, २४ एप्रिल

अंगठा सुजलाय. कोणाला सांगणार नाही.


शनिवार, १० मे

माझी पहिली स्पर्धा. लहानशी, जूनच्या आधीची तालीम म्हणू या.

प्रत्येक डावाला ऑर्लिनची गोष्ट असते. आजची: "तुम्ही बाळाला घेऊन बागेत आहात, तीन गुंड चाल करून येतात." पुठ्ठ्याचे गुंड, अंगात कोणाकोणाचे फाटके बनियन. मध्ये एक पुठ्ठा पंजे रंगवलेला — रिकाम्या हाताचा, म्हणजे निरपराध माणूस. त्याला लागली तर मोठा दंड. आणि डाव्या हातात एक प्लॅस्टिकची बाहुली. तेच बाळ.

एकेका बाप्याने त्या बाळाचे काय हाल केले! रस्टीने पाय धरून लोंबकळवलं. एकाने पट्ट्यात खोचलं. मी मान धरून छातीशी घेतलं आणि एका हाताने तिन्ही गुंड पाडले. सावकाश, पण पाडले. निकालात माझ्या खाली फक्त एकजण. तोही नवखा. चालेल.

ऑर्लिन टायमर माझ्यापुढे धरून म्हणाला, "आकडा वाच गं." पुन्हा तेच. डाव माझा, आणि कारकुनीही माझीच.


शुक्रवार, १३ जून

कॉर्लिस आली. उद्या बघायला येणार म्हणते. राजम्याची भाजी आणि मक्याचा पाव केला, दोघी जेवलो. ती माझ्या हातांकडे बघत होती. मी मुद्दाम कॉफीचा मग काठोकाठ भरून घेतला.


शनिवार, १४ जून

जसं झालं तसं लिहिते. नाहीतर उद्यापर्यंत मी त्याला सोयीचं करून घेईन.

पहिला डाव चांगला गेला. दुसरा बरा. तिसरा, शेवटचा, पेट्रोल पंपाचा. उजवीकडच्या पिंपाआडून तीन पुठ्ठे, मग डावीकडच्या पिंपाकडे चालत जायचं, चालता चालता मॅगझिन, म्हणजे मुठीतला गोळ्यांचा खण, बदलायचं, तिथून उरलेले. डाव्या हाताला नारिंगी खुंट. त्याच्या मागे, लांबवर, बघ्यांचं बाक. बाकाच्या कडेला कॉर्लिस, कानांवर होबार्टचे जुने कर्णरक्षक लावून.

भोंगा वाजला. किल्ल्यांनी जाकीट मागे नेलं. तीनही पुठ्ठ्यांना नीट लागल्या. पिस्तूल रिकामं झालं, मी डावीकडे निघाले, जुनं मॅगझिन पडलं, नवं घालते तर आत जाईना. अंगठा! तळव्याने ठोकलं, खाली बघत ठोकलं, आणि मान वर केली तर नळी खुंटाच्या पलीकडे. फार नाही. पण पलीकडे. त्या रेषेत लांब माझी लेक, मांडीवर हात ठेवून बसलेली.

झटकन नळी समोर घेतली. "थांब" येणार म्हणून कान टवकारले.

आलं नाही.

पाय आपले आपण चालले. उरलेले पुठ्ठे मारले. ऑर्लिन नेहमीसारखा म्हणाला, "रिकामं करून दाखव." दाखवलं. "झालं. छान! पुढचा कोण?"

मागच्या लोकांना माझी पाठ दिसत होती. कॉर्लिसला या मैदानातलं काही कळत नाही. ऑर्लिन मात्र माझ्या खांद्याशी उभा होता. म्हणजे त्याने बघून सोडलं. होबार्टची विधवा, बिचारी, घर जाईल तिचं — पैजेची गोष्ट गावभर झाली होतीच. मला इतका राग आला की हात थरथरायचे थांबले. मी काही इथे दया गोळा करायला आले नव्हते.

"ऑर्लिन, मी बाद आहे."

"काय?"

"मॅगझिन घालताना नळी खुंटापलीकडे गेली."

रस्टी म्हणाला, "मिस इमोजीन, पंच बोलला नाही म्हणजे झालंच नाही. चला, चिली गार होतेय."

"तू बसच्या खिडकीतून सफरचंदं फेकायचास, रस्टी. मी बघितलं नाही म्हणजे ती फेकलीच नाहीस का?"

तो बुटांकडे बघायला लागला. ऑर्लिनचा चेहरा पांढराफटक. हळूच म्हणाला, "तुला खात्री आहे?"

"तू शेजारी उभा होतास. मला काय विचारतोस?"

मग त्याने वर हात करून मोठ्याने म्हटलं, "इमोजीन स्टेसी, बाद."

बाद झालेल्याने घरी पळायचं नाही, बाकीच्यांच्या पुठ्ठ्यांवरची भोकं चिकटपट्टीने बुजवायची — हा होबार्टचाच नियम. मी शेवटच्या माणसापर्यंत बुजवली. रडले नाही. कॉर्लिस कुंपणापाशी उभी होती. गाडीत म्हणाली, "आई, तू का बोललीस?" मी काच खाली केली आणि वारा घेतला.


रविवार, १५ जून

ऑर्लिनचा फोन वाजत होता. उचलला नाही. त्याची दया त्याच्यापाशी.


गुरुवार, १९ जून

शब्द दिला म्हणजे दिला. होबार्टचे शर्ट एका खोक्यात, स्वयंपाकघर दुसऱ्यात. टेकडी कशात भरू? आज मनसोक्त रडले, आणि मग उरलेल्या कपबशा कागदात गुंडाळल्या.


शनिवार, २१ जून

कॉर्लिस सामान न्यायला आली. दोघी ताटल्या बांधत होतो तेवढ्यात बाहेर ऑर्लिनची गाडी. सरळ माझ्या झेंडूच्या वाफ्यावरून आली आणि पायरीला टेकून थांबली.

मी दारातच उभी राहिले. "दया दाखवायला आला असशील तर उलटा फीर."

"कसली दया?"

"गेल्या शनिवारी बघून सोडलंस ती."

पायरीवर बसला. टोपी गुडघ्यावर. लाल शर्टाची घडी काखेत.

"मी सोडलं नाही, इमोजीन. सोडलं असतं तर होबार्ट थडग्यातून उठून आला असता. मला दिसलंच नाही." मग म्हणाला, "हिवाळ्यापासून उजव्या डोळ्यापुढे सगळं धुकं आहे. डावा त्याच वाटेवर. लेकाला सांगितलं नाही. सांगितलं तर गाडी काढून घेईल, मग घर, मग मी."

मला तो चाचपडत उचललेला कॉफीचा मग आठवला. चष्मा विसरलेला. टायमर. मी त्याच्यावर तीन महिने चिडत होते, आणि तो बिचारा माझ्या डोळ्यांनी बघत होता.

"लोक माझ्या भरवशावर गोळ्या झाडत होते," तो म्हणाला, "आणि मी आवाजावरून अंदाज घेत होतो. तू बोलली नसतीस तर कोणालाच कळलं नसतं. पुढच्या वेळी कोणी मेलं असतं." शर्ट माझ्या हातात दिला. "हा आता ज्याला दिसतं त्याने घालावा."

"मी बाद आहे."

"म्हणूनच."

मागे वळले तर कॉर्लिस दारात, हातात अर्धी गुंडाळलेली ताटली. कधीची उभी होती कोण जाणे. तिने ऑर्लिनच्या किल्ल्या उचलल्या आणि त्याला त्याच्याच गाडीतून घरी सोडून आली. संध्याकाळी लेक्सिंग्टनला गेली. घाईत खोकी इथेच राहिली.


मंगळवार, २४ जून

कॉर्लिसचा फोन. मागच्या खोलीबद्दल अवाक्षर नाही. म्हणाली, "आई, ऑर्लिनकाकांना आता गाडी चालवू देऊ नकोस. बारा जुलैला मैदानावर तूच घेऊन जा त्यांना."

नेते म्हटलं. स्वयंपाकघराचं खोकं आधी सोडून कपबशा जागेवर लावल्या.