बूट बसले

५ जानेवारी, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. मी सांगणार, हे लिहिणार. वाचणारं कुणी नाही. मला वाचता येत नाही आणि ह्यांना ताकीद दिली आहे. कारण तसंच आहे. नातीच्या स्केटिंगचं खातं कालपासून माझ्याकडे आलं. लेक आणि सून दोघंही कामावर, तेव्हा भिंगरीला बर्फाच्या रिंकवर न्यायचं, आणायचं, लेस आवळायच्या आणि बूट बदलायची वेळ झाली की नाही ते सांगायचं, सगळं मी. एकतीस तारखेला तिची परीक्षा. एक उडी मारायची आणि एका पायावर उतरायचं. जमलं की वरचा वर्ग. मी तीन मुलं वाढवली आहेत. पाय कळायला शाळा लागत नाही.

८ जानेवारी, गुरुवार.
बूट तपासले. पुढून अंगठा दाबून पाहिला. बोटं टोकाला अगदी टेकलेली. म्हणजे बूट पुरेपूर वापरात आहे, जागा वाया नाही. घोट्यापाशी सुरकुती पडली आहे. मलाही पडल्या आहेत, मी चालते. लेकाला बुटांचा एक जोड मी चार वर्षं पुरवला होता. त्याची करंगळी वाकडी आहे, पण ती ह्यांच्या घराण्यातून आली. हे इथे लिहायचे थांबले. मी म्हटलं, लिहा.

१२ जानेवारी, सोमवार. रात्रीच्या जेवणाआधी.
आजचा दिवस सोन्याचा. कोचबाई स्वतः कठड्यापाशी आल्या, भिंगरीच्या पायांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, बूट बसलेत, आजी. मी म्हटलं, बसणारच, लेस मी आवळते. त्या पुढे काही बोलणार होत्या, तेवढ्यात पलीकडे एक मूल आडवं झालं आणि त्या तिकडे धावल्या. घरी आल्या आल्या सुनेला सांगितलं. लेकाला सांगितलं, तो नव्या बुटांची चौकशी करणार होता, त्याला म्हटलं, गरज नाही, कोचबाईंनीच पावती दिली. मग धाकट्या जावेला फोन करून सांगितलं. तिच्या नातवाला साध्या शाळेच्या बुटाची लेस बांधता येत नाही.
लिहिता लिहिता ह्यांनी विचारलं, कोणत्या अर्थानं बसले? मी म्हटलं, अर्थ माझा, अक्षर तुमचं.

१५ जानेवारी, गुरुवार.
भिंगरी अकरा वेळा पडली. बर्फ खराब.

१९ जानेवारी, सोमवार.
रिंकच्या मागच्या खोलीत एक म्हातारा बसतो, ब्लेडना धार लावून देतो. त्यानं भिंगरीचं ब्लेड दिव्यासमोर धरलं आणि तोंड वाकडं केलं. म्हणे, घासून घासून पोलाद संपत आलंय, पुढचे दाते नावालाच उरलेत, पोरगी उडीला पाय रोवणार कशावर. मी म्हटलं, मला खाली चारच दात आहेत, तरी मी कडक टोस्ट खाते. तो म्हणाला, टोस्टवरून उडी मारता का? अशा माणसाशी वाद घालू नये. आहे त्या ब्लेडला धार लावून घेतली. भिंगरी आज नऊच वेळा पडली. दोनची सुधारणा.

२४ जानेवारी, शनिवार.
जाऊबाई मुद्दाम बघायला आल्या. भिंगरीचा घोटा आतल्या बाजूला कलतो, असं त्यांच्या लगेच लक्षात आलं. काही माणसांची नजरच तशी. संकल्प: लेस आणखी आवळायची. मोजे दोन घालायचे. जावेला रिंकची वेळ चुकीची सांगायची.

२७ जानेवारी, मंगळवार.
दोन मोजे घातले तर पाय आतच जाईना. एकच ठेवला. जावेला वेळ चुकीची सांगितली, पण मीच गोंधळले आणि आम्ही दोघी एकाच वेळी पोचलो.
भिंगरी घरी येताना लंगडत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही. मुलगी सोशिक आहे, माझ्यावर गेली. माझे हे जोडे अकरा वर्षांचे. तळ पातळ झालाय, ओल आत येते. कधी तक्रार नाही.

३१ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी.
आज थोडक्यात.
भिंगरी उडाली छान. उतरताना उजवा बूट घोट्यापाशी मुडपला आणि ती बर्फावर बसली. हाड शाबूत. कोचबाईंनी बूट काढला, तर दोन नखं काळीनिळी आणि टाचेला फोड. त्यांनी तो बूट एका हातानं मुठीत धरला आणि चिंधीसारखा दुमडून माझ्यासमोर केला.
"आजी, मी बारा तारखेलाच सांगितलं होतं, बूट बसलेत. घसा बसतो तसे."
परीक्षा सहा आठवडे पुढे गेली.
बाकावर भिंगरीचा पाय मांडीवर घेतला आणि विचारलं, इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस.
ती म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलं होतंस ना. धाकट्या आजीला तर फोन केला होतास."
ही ओळ गाळा म्हणेपर्यंत ह्यांची लिहून झाली. हे हल्ली फार भरभर लिहितात.
जावेला आज फोन केला नाही. तिनंच केला.

७ फेब्रुवारी, शनिवार.
लेक, भिंगरी आणि मी दुकानात गेलो. बूटवाल्यानं तिचा पाय उभ्यानं मापला, बसून मापला. पाय दोन मापं पुढे गेला आहे. बूट नवे, ब्लेडही नवी. मी गप्प होते. दोनदाच बोलले. तो म्हणाला, हे बसायला तीन आठवडे लागतील. मी म्हटलं, कोणतं बसणं, ते आधी सांगा. भिंगरी इतकी हसली की तिचं माप पुन्हा घ्यावं लागलं.
मग त्याचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. एक जोडा त्यानं दोन बोटांनी उचलला, दुमडला, लेकाकडे पाहिलं. लेकानं मला विचारलंही नाही.
खातं आता सुनेकडे. माझ्याकडे ब्लेडची कव्हरं सांभाळायचं काम आहे. तेही जबाबदारीचं.
जावेला फोन करून सांगितलं की माझे नवे जोडे छान बसलेत. उजव्या टाचेला फोड आला आहे. ते घरात कुणाला सांगितलेलं नाही, आणि ह्यांनी ही ओळ लिहून झाल्यावर विसरायची आहे.