बावीस कडवी आणि एक मफलर

२ नोव्हेंबर १९६२, पिंपळगाव राजा

चीनवर कविता झाली. बावीस कडवी! प्रत्येक कडव्यात शत्रूची मान उडते. चौदाव्या कडव्याला टेबलावर विंचू आला आणि मी खुर्चीवर चढलो. आमच्या हिने चप्पल हाणली. म्हणाली, "उतरा खाली. शत्रू मेला."

११ नोव्हेंबर

पारावर वाचन. गळ्यात तांबडा मफलर — त्याच्याशिवाय माझा आवाज चढत नाही. अध्यक्ष पुंजाजी पाटील दोनदा रडले. शेवटच्या कडव्याला हिचा धाकटा भाऊ निवृत्ती उभा राहिला. "दाजी, मी चाललो भरती व्हाले." टाळ्या! त्याची पाठ मीच थोपटली.

घरी चूल थंड. ही म्हणाली, "कविता तुमची अन् मान माह्या भावाची काऊन?" उपाशी झोपलो.

९ सप्टेंबर १९६५

पुन्हा लढाई. जुनी वहीच काढली. बर्फ खोडून वाळू घातली, याक खोडून उंट. तासाभरात काम फत्ते. पण 'मान' शब्द आला की निवृत्तीचीच दिसते, काळ्या दोऱ्यात ताईत घातलेली. तो तिकडेच आहे. एकेक मान खोडत गेलो. सहा कडवी उरली, त्यातली चार उंटांवर.

१४ डिसेंबर १९६५

निवृत्तीचं पत्र. शाबूत आहे! "दाजी, तुमची कविता खंदकात म्हणून दाखवली. सुभेदार म्हणे, लढाईत इतकं बोलाले टाइम कोणाले आहे? पाय गारठून राह्यले. मोज्याचं काही पाहा."

खरंच की. जुन्या पोवाड्यांत मुंडक्यांची रास असते; पायात काय होतं, एकाही शाहिराने विचारलेलं नाही. मी लगेच मोज्यांवर कविता केली. हिला पत्र वाचून दाखवलं, तशी हिने माझा मफलर उसवून मोजे विणायला घेतले. या गावच्या उन्हात लोकर दुसरी मिळणार कुठे? आता तालुक्याहून लोकर मागवून दर दिवाळीला एक जोडी धाडायची, असं ठरलं आहे.

८ डिसेंबर १९७१

तिसरी लढाई. पुंजाजींनी सभेला कविता मागितली. चारच ओळी दिल्या — इकडच्या खंदकात एका बाईचा भाऊ, तिकडच्या खंदकात दुसरीचा, दोघांचे पाय गार.

"गुरुजी, शत्रूले मोजे काऊन घालून राह्यले?" पुंजाजी म्हणाले. आणि सभेत त्यांनी माझीच बासष्टची बावीस कडवी घडाघडा म्हटली. पाठ आहेत त्यांना! मी खाली मान घालून बसलो. देवा, आज कोणी उभं राहू नये, एवढंच म्हणत होतो. कोणी राहिलं नाही.

निवृत्तीचं महिनाभर पत्र नाही.

१७ डिसेंबर

रेडिओवर सांगितलं, लढाई थांबली. गावात पेढे. आमची ही पोस्टमनच्या वाटेवर उभी.

२९ डिसेंबर

निवृत्तीचं पत्र आलं, मिलिटरी दवाखान्यातून. सोबत पुडकं. "दाजी, आक्काच्या हातचे मोजे लय गरम. त्यातला एक वापस धाडून राह्यलो. मले आता एकच लागते."

ही अंगणात पुढची जोडी विणते आहे. विचारते, "काय लिव्हलं त्यानं?" बावीस कडवी लिहिली मी. ही एक ओळ सांगता येईना.