तिरका चौकोन

अड्यार, मद्रास
मार्गळी महिन्याचा पहिला आठवडा, डिसेंबर १९६७

प्रिय गुरुराज,

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, नाहीतर पुढच्या पत्रात परत विचारशील. आमची चंद्रिका त्या संस्थेत नेमकं काय शिकते, हे तू वर्षभर विचारतोयस आणि मी दर वेळी आईच्या गुडघ्यांची चौकशी करून पत्र संपवते. आळस नव्हे रे. मलाच कळलेलं नाही. कॉम्प्युटर शिकते म्हणायचं, तर तिच्या संस्थेत कॉम्प्युटर नाही. हसू नकोस. पी.यू.सी. झाल्यावर दोन वर्षांचा डिप्लोमा, वर्गात सगळ्या मुली, वह्या आहेत, फळा आहे, कृष्णवेणी नावाच्या एक कडक बाई आहेत, फक्त यंत्र तेवढं नाही. ते गिंडीला कुठेतरी आहे. मुली कागदावर लिहितात, मग जाड कार्डांना भोकं पाडतात, ती कार्डं बसनं गिंडीला जातात आणि आठवड्यानं उत्तर येतं. बहुतेक वेळा उत्तर असं येतं की तुमचं चुकलंय. पोहायला शिकवणाऱ्यानं नदी दुसऱ्या गावात ठेवावी, तसा हा कारभार. पण परवा तिची कार्डं अशीच परत आली, आणि ती जमिनीवर बैठक मारून एकेक कार्ड उजेडात धरून बघत बसली. जेवायला हाका मारून माझा घसा बसला. शेवटी एक कार्ड मागचं पुढे गेलेलं सापडलं, तर पोरगी अशी खुलली! नव्या साडीनं कधी तिचा चेहरा असा झालेला मी पाहिला नाही.

यांना विचारलं, तुम्हाला काही उमगतं का? तुझे भावोजी कसे आहेत ते तुला ठाऊकच आहे. हार्बरच्या ऑफिसातून आले की पेपरामागे जातात, ते कॉफीचा पेला-डबरा पुढे केल्याशिवाय बाहेर येत नाहीत. म्हणाले, ती विद्या आहे, आपण मध्ये पडू नये. मार्गळी लागल्या दिवशी मी चंद्रिकेला दारात कोलमची रांगोळी घालायला पाठवलं. बाहेर येऊन बघते तर पिठाच्या रेघांनी नुसते चौकोन, त्यांतले काही तिरके, आणि एकाकडून दुसऱ्याकडे बाण. शेजारच्या मामींनी विचारलं, ही कुठल्या देवाची पद्धत? मी आपलं सांगून टाकलं, आमच्या तंजावरकडची. ते तिचं गृहपाठाचं चित्र होतं म्हणे. सरळ चौकोन म्हणजे काम करायचं, आणि तिरका चौकोन म्हणजे थांबून प्रश्न विचारायचा. मी पुसून टाक म्हणाले, तर तिनं पुसलं. उलट बोलत नाही रे ती. बोलली असती तर बरं झालं असतं.

आईचा निरोप आलाय, तो तुला माहीत असणारच. पोंगल झाला की ती साखरपुड्याचं तांबुलाचं ताट घेऊन इथे येणार, तेव्हाच लागणाऱ्या तै महिन्यात लग्न उरकणार, आणि चंद्रिका तंजावरला नांदायला जाणार. म्हणजे दुसरं वर्ष अर्धंच राहणार. मी आईला लिहिलं, परीक्षा तेवढी होऊ दे. ती म्हणते, घरच्या घरात देणंघेणं, त्यात परीक्षा कसली? आता वरच्या माळ्यावर प्रमिलाबाई म्हणून राहायला आल्या आहेत, साताऱ्याच्या. माझी मराठी ऐकून त्यांना हसू येतं आणि त्यांची ऐकून मला. त्यांना मी कौतुकानं सांगितलं की चंद्रिकेचं जमलंय, मुलगा माझा धाकटा भाऊ. तर बाईंच्या हातातला डबरा कलंडला. सख्ख्या मामाला? असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे मामाचाच पहिला हक्क असतो, पिढ्यान् पिढ्या असंच चाललंय. त्यावर त्या पदरानं कॉफी टिपत राहिल्या. मला राग आला. आपल्या रीतीला नाक मुरडणाऱ्या ह्या कोण? पण भांडी घासताना मनात येत राहिलं, की चंद्रिका जन्मली तेव्हा तू अकरा वर्षांचा होतास. गोट्या खेळत होतास, तिथून आईनं तुला ओढत आणलं, पाळण्याजवळ उभं केलं आणि म्हणाली, ही तुझी हं. तू विचारलंस, हिला घेऊन मी काय करू? सगळे किती हसलो होतो.

आता मुख्य सांगते. गेल्या शुक्रवारी संस्थेत आयांना बोलावलं होतं. यंत्र नाही तर दाखवणार काय, असं मला वाटलं, पण कृष्णवेणीबाईंनी अंगणभर खडूनं तेच चौकोन आखले होते आणि मुलींनाच यंत्र केलं होतं. एक मुलगी गुण वाचणार, एक बेरीज करणार, एक लक्षात ठेवणार. तिरक्या चौकोनात उभं राहायला त्यांनी मला पुढे ओढलं. मुलगी गुणांची चिठ्ठी घेऊन माझ्यापाशी येणार, पास असेल तर मी तिला उजवीकडे पाठवायचं, नापास असेल तर डावीकडे. सोपं काम. पण पहिलीच जी आली तिची चिठ्ठी नापासाची, आणि चेहरा इतका केविलवाणा की माझा हात आपोआप उजवीकडे गेला. मग दुसरी आली, तिला तरी कशाला दुखवा? सगळ्यांना उजवीकडे धाडलं. अंगणभर हशा पिकला. चंद्रिकेनं तर पदरात तोंड लपवलं. कृष्णवेणीबाई मात्र हसल्या नाहीत, शांतपणे म्हणाल्या, अम्मा, सगळ्यांना एकाच वाटेनं पाठवायचं असेल तर तुम्ही तिथे उभ्या कशाला? तुम्ही नसलात तरी हेच झालं असतं.

गुरुराज, बसमध्ये माझ्या कानात तेच घुमत होतं. चंद्रिका शेजारी बसली होती. मी तिला तिथेच विचारलं, तुला मामाशी लग्न करायचंय का? तिनं खिडकीबाहेर पाहिलं. म्हणाली, आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, नदीच्या सणाला, कावेरीवर एवढी गर्दी असायची, मामा मला खांद्यावर घ्यायचा, म्हणून मला पाणी दिसायचं. त्याला मी कशी दुखवू? तो नको म्हणाला तर गोष्ट वेगळी. एवढं बोलून तिनं पिशवीतून कार्डं काढली आणि घर येईपर्यंत ती वर-खाली करत बसली. मी परत विचारलं नाही. पुढचं उत्तर ऐकायची माझी छाती झाली नाही.

म्हणून हे पत्र. चंद्रिकेला यातलं काही माहीत नाही, यांनाही नाही. आई ताट घेऊन निघायच्या आधी तू तिला सांगशील का, की मला हे लग्न करायचं नाही? मुलगी नाही म्हणाली तर आपल्याकडे जन्मभर बोलतील. तू म्हणालास तर आई चार दिवस अबोला धरेल, मग तुझ्या आवडीची वांग्याची भाजी करून मोकळी होईल. ज्याला मी माझ्या हातानं भरवलं त्याच्याकडे मी हे मागतेय. तुझ्या मनात ती असेल तर मी काय मागतेय हे मला समजतं रे. पाळण्यापाशी तुलाही कुणी खरं विचारलं नव्हतं, म्हणून आज मी विचारतेय. जे खरं असेल ते लिही, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. काहीही लिहिलंस तरी पोंगलला नेहमीसारखा ये, आणि ती कार्डं काय असतात ते तिलाच विचार. तिला सांगायचं असतं, आणि या घरात ऐकून घेणारं कुणी नाही. वर्षभरात ती काय शिकते असं विचारलं ते तू एकट्यानं. आणि मी तुलाच नाही म्हणायला सांगतेय. माझं बरोबर आहे की नाही, मला खरंच कळत नाही.

तुझीच,
अंबुजाक्का