दोन गच्च्या, दोन मॉडेलं

१२ मे, सोमवार

काय वारं सुटलं! शेजारच्यांच्या टाकीचं झाकण उडालं ते थेट आमच्या गच्चीवरच्या नेटच्या डबीवर. डबी फुटली, नेट गेलं. मोठ्या जाऊबाईंचं, म्हणजे ताईंचं, घर दोन गल्ल्या सोडून — त्यांच्या गच्चीवरच्या डबीतून आमच्या डबीत नेट यायचं. शुक्रवारी आमच्या लेकीची, श्रेयाची, नोकरीची मुलाखत, व्हिडिओवर! मोबाईलच्या नेटवर तर नुसतं अडकतं. हे आणि भाऊजी दोघंही वेरूळला, शेतावर. कांदा चाळीत भरताहेत.

१३ मे

शहागंजातल्या दुकानातून नवी डबी आणली. जुळेना! कंपनी तीच, रंग तोच, मॉडेल तेवढं नवं. दुकानदार फोनवर म्हणाला, "बाजी, नये में एक सेटिंग है, पुराने से जम जाता." वेग थोडा कमी होईल म्हणे. म्हणजे डब्यांतसुद्धा धाकटीनंच नमतं घ्यायचं! श्रेयानं सेटिंग केलं. तरी जुळेना. वाऱ्यानं ताईंची डबीही फिरली असणार. दोन्हींची तोंडं समोरासमोर हवीत.

आम्हा दोघी जावांची तोंडं तीन वर्षांत समोरासमोर आली नाहीत. बांधावरच्या आंब्यावरून!

१४ मे

हे फोनवर वैतागले, "तूच बोल की! मी कांदा भरू का तुमचे निरोप वाहू?"

केला फोन. "ताई, तुमची डबी जरा फिरवायची होती."

"माझी चांगली चाललीय. मी हात नाय लावणार."

मुलाखतीचं सांगायचं राहूनच गेलं. फोन आपटावासा वाटला. मोबाईल आपटता येत नाही, हीच पंचाईत. श्रेया न जेवता झोपली.

१५ मे

श्रेयानं गुपचूप मोठ्या आईला फोन केला! लगेच ताईंचा मला —

"पोरीची मुलाखत हाय, हे आधी नाय का सांगायचं? चढ गच्चीवर!"

दोघी आपापल्या गच्चीवर, फोन कानाला. लांबून पदर तेवढा दिसला त्यांचा.

"करुणे, उजवीकडं वळव."

"तुमचं उजवं का माझं?"

"माझंच! दुसऱ्या कुणाचं?"

हसू आवरेना. खालून श्रेया ओरडली — आलं!

१६ मे

मुलाखत झकास झाली. ताईंना कळवलं. फोन ठेवला. आता फोन करायला काही कारणच उरलं नाही. वाईट वाटलं, खरंच.

१८ मे

ताईंचा फोन. "करुणे, डबी हलली वाटतं गं. नेट गेलं. ये बरं गच्चीवर."

नेट येतं त्यांच्याकडून, आणि माझ्या टीव्हीवर तर नेटवरची मालिका मस्त चाललेली!

टीव्ही बंद केला. म्हटलं, "व्हय ताई, इकडंही गेलंय. आलेच."