दुनळी बंदूक रियाकडेच जाईल

मी, कुमुद दिनानाथ घरत, वय ७१, बी.एस्सी., राहणार पनवेल, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, म्हणून घाई.

१. राहते घर आणि बँकेतील ठेवी मुलगा दीपेश व मुलगी रिया यांना निम्म्या-निम्म्या. वाद नको.

२. माझे पितळी पातेले नणंद चंद्रावतीने न विचारता नेले. झाकण माझ्याकडेच राहिले. तेही तिला द्यावे, म्हणजे विषय संपेल.

३. आता मुख्य. माझ्या परवान्यावरची बारा बोअरची दुनळी बंदूक. ओवे गावच्या शेतात रानडुकरे येत, तेव्हा कै. यजमानांनी घेतलेली. पहिला बार काढताना मी दस्ता सैल धरला. धक्क्याने खांदा काळानिळा झाला. "घट्ट धर, नाय तर तीच तुला मारील," एवढेच ते म्हणाले.

गेल्या दसऱ्याला दीपेशने तिची पूजा केली. हळद-कुंकू बाहेरून लावायचे असते. याने ते तेलात कालवून आत, काडतूस बसते तिथे चोपडले. मग "बसतंय का बघू" म्हणून दमटपणाने फुगलेले जुने काडतूस दाबून घातले. बंदूक मिटली, ती उघडेना. याने दस्ता फरशीवर आपटला आणि नळीला डोळा लावला.

"दादा, आत काय मुलगी बघतोयस? हो बाजूला!" रिया ओरडली.

"काय नाय होत गं. आई उगाच घाबरवते."

रियाने नळी परसातल्या मातीकडे वळवली, चापाला कोणाला हात लावू दिला नाही आणि परवानाधारक कारागिराला बोलावले. त्यानेच काडतूस काढले.

काल दीपेश म्हणतो, "आई, हॉस्पिटलात जाताना कपाटाची किल्ली दे. ऋचाच्या हळदीला एक बार काढू." ऋचा माझी पुतणी. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही उठून कुलूप ओढून पाहिले. उद्या बंदूक आणि काडतुसे अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे जमा करून येणार.

४. माझ्या पश्चात बंदूक रियाची. तिला परवाना मिळेपर्यंत ती तिथेच राहावी. न मिळाल्यास विकावी. दीपेशला पूजेपुरतीही देऊ नये. काडतूस पुन्हा अडकलेच, तर पेचकसाने उचकटू नये, ठोकू नये. नळी मातीकडे ठेवून कारागिराची वाट पाहावी.

दीपेश, तू रुसशील. दोन्ही डोळे शाबूत ठेवून खुशाल रूस.

स्थळ : पनवेल
दिनांक : १४ मार्च २०२५

सही : कुमुद दिनानाथ घरत

कुमुदताईंनी हे स्वतः वाचून दाखवले व आमच्यासमोर सही केली; आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.
साक्षीदार :
१. हेतल शहा, शेजारीण
२. डॉ. जीवन भोईर