ब्राह्मीचं लग्न ठरेपर्यंत दूध वर्ज्य

॥ श्री जिनेंद्राय नमः ॥

मुक्काम निपाणी

तीर्थस्वरूप लक्ष्मीआक्का,

धाकट्या तवनाप्पाचा नमस्कार पायाशी पोचू दे. तुझे गुडघे, दाजींचा दमा आणि शहापुरातली तुझी ती भांडकुदळ शेजारीण, तिन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. इकडं लेक ब्राह्मी खुशाल, म्हैस खुशाल, आणि मी आपला जिवंत. तुझं पत्र पोचलं. तुमच्या गल्लीतला तो मास्तर पोरगा आणि त्याची माणसं ब्राह्मीला करून घ्यायला राजी आहेत, सगळं माझ्या होकारापाशी अडलंय, हे वाचलं. त्याचं उत्तर देतोच. पण आधी माझी कर्मकथा ऐक, कारण इथं ऐकायला म्हशीशिवाय कोण न्हाय. (ब्राह्मी ऐकते, पण हसते.)

गेल्या चातुर्मासात मुनिमहाराज गावात होते. त्यांना आहार दिला की आपण काहीतरी सोडायचा नियम घ्यायचा, ही आपली रीत. माझ्यापुढं जिनाप्पा तंबाखूवाला उभा होता. त्यानं पडवळ सोडलं. अगं, त्या माणसानं जन्मात पडवळाला बोट लावलेलं न्हाय! मला चेव आला. हात जोडून भरल्या सभेत म्हणालो, ब्राह्मीचं लग्न ठरेपर्यंत दूध, दही, ताक, लोणी, तूप वर्ज्य. मनात असं, की एवढी गुणाची पोर, महिन्याभरात ठरेल. पुण्य बी मिळेल आणि जिनाप्पाची बी जिरेल. महाराज विहार करून पुढं गेले, दुसरा चातुर्मास आला, आणि मी अजून कोरडाच. जिनाप्पा रोज विचारतो, "काय तवनाप्पा, तब्येत बरी हाय न्हवं?"

आक्का, आपण दुभत्यावर वाढलेली माणसं. पहाटे गोठ्यात चरवीत धार पडते त्या आवाजानं मला अजून जाग येते, आणि मग कूस बदलून पडून राहायचं. शेजारच्या अंबुबाईला सगळं दूध जातं. ती बाई लोणी कढवताना विड्याचं पान टाकते, आणि तो वास भिंत ओलांडून सरळ माझ्या पानावर येऊन बसतो. एकदा त्या वासाबरोबर दोन भाकरी खाल्ल्या. (वास घेतल्यानं नियम मोडतो का, हे पंडितांना विचारलं न्हाय. व्हय म्हणाले असते तर?)

लग्न लवकर ठरावं म्हणून सदलग्याला स्थळ बघायला गेलो, तर तिथं नियमानंच घात केला. पुरणाची होळगी वाढली, यजमानीणबाई तुपाची तांबली घेऊन आल्या, आणि मी पानावर आडवा हात धरला. त्यांनी दूध आणलं, ते बी नको म्हणालो. आपल्याकडं सोयरिकीच्या घरी दूध-तूप नाकारणं म्हणजे सोयरीकच नाकारणं. पण पंडितांनी बजावलेलं, की नियमाचा गाजावाजा केला तर पुण्य उडून जातं. सदलग्यापर्यंत बातमी पोचलेली नव्हती, आणि मी दातखीळ बसल्यागत गप्प. चार दिवसांनी कानडीत निरोप आला, "अवरिगे मनस्सिल्ल." (त्यांच्या मनात न्हाय म्हणे!) लग्नासाठी तूप सोडलं आणि तुपापायी लग्न मोडलं. ब्राह्मीला सांगितलं तर ती पदर तोंडात धरून हसत सुटली.

पण पोरीनं मला जगवलं, हे खोटं न्हाय. पहिल्या दोन महिन्यांत माझी गालफडं बसली, अंगरखा खुंटीवर टांगल्यागत दिसायला लागला. तेव्हा तिनं स्वयंपाक नव्यानं मांडला. ताकाऐवजी चिंच घालून नाचणीची आंबील, सकाळी हुलग्याचं माडगं, शेवग्याच्या पाल्याची भाजी, भाकरीवर तीळ-कारळ्याची चटणी आणि वर शेंगतेलाची धार. शेंगदाणे भिजवून वाटून त्याचं दूध काढलं आणि चहात घातलं. तो चहा काय सांगू! रंग चहाचा, वास तेलाच्या घाण्याचा. मी पुरा प्यालो, कारण ती समोर बसून बघत होती. आता मळ्यात जाऊन येतो तरी धाप लागत न्हाय, अंगरखा परत तटतटतोय. तरी दहीभात तो दहीभातच. सारं पोट भरतं, आक्का, पण जीव भरत न्हाय.

तर उत्तर असं, की स्थळ मला पसंत आहे. होकार कळव. दाजींना नमस्कार.

तुझा,
तवनाप्पा

ताजा कलम: होकार कळव, पण लग्न वैशाखात धर. एवढी दिवाळी तिला माझ्या घरी करू दे. आणि सासरी तिला रोज दूध मिळेल एवढं तू स्वतः बघ. काल अंबुबाईकडनं कळलं, की वर्षभर ब्राह्मीनं बी दुधाचा थेंब घेतलेला न्हाय. मला म्हणायची, मी आधी प्याले, आप्पा.

आणखी एक ताजा कलम: लग्न ठरलं हे तिला सांगितलं. तिनं अंबुबाईकडनं दही आणून स्वतः घुसळलं आणि ताकाच्या दोन वाट्या घेऊन समोर येऊन बसली. म्हणाली, "आप्पा, आता घ्या." मी म्हटलं, "पत्र टपालात गेल्याशिवाय ठरलं कसं म्हणायचं?" मग ती बी प्याली न्हाय. बसलो दोघं तसेच, तुझ्या जुन्या गोष्टी काढत. बसल्या बसल्या दिवस मावळला. रात्री न खायची आपली रीत, आता उजाडेपर्यंत काही घेता येत न्हाय, आणि उद्या रविवार, पेटी कोण उघडत न्हाय. म्हणजे सोमवारपर्यंत ती माझीच आहे.