दीपकच्या वहीतला ५८

२ ऑगस्ट, लातूर
माझ्या धाकट्या भावाला, दीपकला जाऊन चाळीस दिवस. मुरूडहून आसिफ आला. हिमालयात दीपकच्या तंबूत तोच होता. चहा घेतला नाही. दीपकची छोटी वही टेबलावर ठेवली. "ताई, माधव सर म्हणले फाडून टाक. माझ्यानं झालं न्हाई."

३ ऑगस्ट
रोज दोनदा बोटाला मशीन लावून ऑक्सिजन लिहिलाय. तळावर ८८. पुढे ७१. वरच्या कॅम्पला ७८, पण ५ चा ७ केलेला; मुळात ५८. शाई वेगळी. बावीस वर्षं लॅबमध्ये आकडेच लिहिते मी. खाली दीपकचं अक्षर, वाकडं: 'आडवं झालं की छातीत घुरघुर. थुंकी गुलाबी.'
म्हणजे फुप्फुसात पाणी. तेव्हाच खाली आणला असता तर

५ ऑगस्ट
माधव सरांना नांदेडला फोन. मोहिमेचे प्रमुख तेच.
"ताई, वर सगळेच खोकतात. भर उन्हात पोतं घेऊन उदगीरच्या किल्ल्यावर पळणारा गडी! म्हणलं, हवेची सवय व्हायला ह्याला कशाला मुक्काम? एक दिवस वाचवला."
हसलेसुद्धा. मी 'बरं' म्हणाले.
यापुढे इथं त्याला सर लिहिणार नाही.

९ ऑगस्ट
येत्या रविवारी नांदेडला माधवचा सत्कार. शिखर गाठलं म्हणून. पत्रिकेत तळाला दीपकला श्रद्धांजली. माधव फोनवर: "शाल तुमच्या हातून घ्यायची इच्छा हाय, ताई."
हो म्हणाले. शाल देईन आणि माईकवर वही वाचीन. ५८ दोनदा. भरल्या सभागृहात त्याला श्वास पुरू नये.

१२ ऑगस्ट
आसिफचा फोन. सत्कारात वही वाचणार हे त्याला कळवलं होतं. चाचरत होता. "वही वाचा ताई. पण तुमचा मेसेज सरांनीपण ऐकलाय. दीपकनं तंबूत सगळ्यांना ऐकवला होता."
कपाटातला दीपकचा फोन चार्जिंगला लावला. ५८ च्याच दिवशीचा. माझा आवाज:
"खोकलाच तर हाय, आल्याचा तुकडा चघळ. आता माघारी येऊ नको रे राजा. चौकात फ्लेक्स लागलाय, शिखरवीर म्हणून. लोक इचारतेत."
फ्लेक्स मीच छापून घेतला होता. दीपक निघाला त्याच दिवशी.

१३ ऑगस्ट
कामावर गेले नाही.

१६ ऑगस्ट, रविवार
सकाळची नांदेडची एसटी. पिशवीत शाल, वही, दीपकचा फोन.
माधवला सोडत नाही. वही वाचली की तो मेसेजचं काढणार, हे नक्की. त्याच्या आधी मीच दीपकचा फोन माईकपाशी धरून माझा मेसेज ऐकवला तर